खुर्चीचे सांधे: डॉवेल जिग घ्यावं की राउटरचं जिग करावं?

सहा खुर्च्या करायला घेतल्या तेव्हा हा प्रश्न माझ्यापुढे होता, आणि मी तो अर्धवट सोडवला. पहिल्या तीन खुर्च्या डॉवेलनी, म्हणजे गोल लाकडी खुंट्यांनी जोडल्या, उरलेल्या तीन राउटरनं (फिरत्या बिटानं लाकूड कोरणारं यंत्र) खाचा पाडून सुट्या कुसवांनी, म्हणजे खाचांत बसणाऱ्या चपट्या पट्ट्यांनी. जिग म्हणजे भोक किंवा खाच नेमक्या जागी पडावी म्हणून लावायचा साचा. त्यामुळे एकाच लाकडाच्या, एकाच मापाच्या आणि एकाच अडाणी हातानं केलेल्या दोन तुकड्या आमच्या जेवणघरात शेजारी शेजारी आहेत. लाकूड फणसाचं, कारण रत्नागिरीत घराजवळ तेच मिळालं आणि परवडलं. खुर्ची साधी चौकोनी, पाय ४० मिमी, बैठकीखालच्या पट्ट्या २० मिमी जाड.

हातात पटाशी घेऊन कुसू-खाच करणं हा तिसरा पर्याय मी मुद्दाम बाजूला ठेवतो. आमच्या गल्लीतले मिस्त्री ते काम बोलता बोलता करतात. मी एका पायाला पाऊण तास लावला आणि खाच आतून तिरकी गेली. ज्याला ते येतं त्यानं हा लेख वाचायचं कारण नाही. फेस्टूल कंपनीचं डॉमिनो, म्हणजे सुट्या कुसवांसाठी खाचा पाडणारं तयार यंत्र, हाही खरं तर उत्तम पर्याय आहे, पण त्याच्या पैशात माझा राउटर, बिटं, फणसाच्या फळ्या असं सगळं येऊन वर चार पैसे उरतात. तेही बाजूला.

आधी डॉवेलबद्दल चांगलं बोलतो, कारण ते खरंच आहे. ड्रिल बहुतेकांकडे असतं. जिग आणलं, ८ मिमीचं टोकदार बिट लावलं, बिटावर खोलीसाठी टेप गुंडाळला की त्याच दुपारी काम सुरू. आवाज फारसा नाही. भुसा जाडसर पडतो, झाडूनं गोळा होतो, नाकातोंडात जात नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. बॅटरीवरचं ड्रिल त्या वेळीही चालतं. राउटर मात्र खाचेच्या मध्यावर गप्प झाला की तुम्ही दोन्ही हातांनी तो धरून उभे, आणि आधी स्विच बंद करायचं सुचलं नाही तर वीज परत येते तेव्हा पोटात गोळा येतो.

शिवाय मजबुती. डॉवेलची खुर्ची मोडते असं लोक बोलतात, पण माझ्या तिन्ही खुर्च्या आज चार वर्षं उभ्या आहेत. त्यातल्या एकीवर आमचे काका जेवण झाल्यावर मागच्या दोन पायांवर रेलून बसतात. तिची करकर थोडी येते, बाकी काही नाही. तेव्हा मजबुतीवरून मी कुणाला घाबरवणार नाही.

मग अडलं कुठे? हिशेब बघा. खुर्चीला बैठकीच्या चार पट्ट्या, म्हणजे आठ सांधे. तीन खुर्च्यांचे २४. प्रत्येक सांध्याला दोन डॉवेल, म्हणजे ४८ डॉवेल आणि ९६ भोकं. यातली निम्मी भोकं पट्टीच्या टोकाच्या आडव्या कापात पाडायची, आणि खरा त्रास तिथेच. त्या कापात लाकडाची कडक-मऊ वलयं समोर येतात. बिट कडक वलयाला लागलं की मऊ बाजूला सरकतं. जिगची पोलादी नळी वरच्या बाजूला त्याला धरून ठेवते. आत २० मिमी खोल गेल्यावर ते कुठे चाललंय हे नळीला काय कळणार? सरकतं किती, तर अर्धा मिलिमीटर. कधी त्याहून कमी.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काही नाही असं मलाही वाटलं होतं. दुसऱ्या खुर्चीच्या वेळी गोंद लावला, पट्टी पायावर ठोकली आणि अंगठा फिरवला. पट्टीचा पृष्ठभाग पायाच्या पुढे आलेला, नखाला अडेल इतका. आणि ती वरच्या कडेलाही तेवढीच चढलेली. आता ती खाली दाबावी म्हटलं तर दाबणार कशी? दोन गोल डॉवेल दोन गोल भोकांत घट्ट. वर नाही, खाली नाही, आत नाही. काढावी म्हटलं, तर अंगावर खाचा असलेल्या बीच लाकडाच्या डॉवेलनी गोंदातलं पाणी पिऊन घेतलेलं. पाच मिनिटांत ते असे फुगले की पट्टी अर्धी बाहेर आली आणि तिथेच अडकली. त्यात महिना श्रावणाचा. पिशवीतले डॉवेल आधीच दमट हवेनं फुगून ८ मिमीचे राहिले नव्हते, आणि कॅलिपरला एकीकडे एक माप तर दुसरीकडे दुसरं दाखवत होते. (यावर उपाय आहे: डॉवेल आदल्या रात्री तांदळाच्या डब्यात ठेवायचे. घरच्यांना आधी सांगून ठेवा.)

ती पट्टी शेवटी तशीच बसवली आणि रंधा मारून पायाबरोबर केली. रंध्यानं पायाची कड खाल्ली, मग ती जुळवायला दुसऱ्या पायाची, मग तिसऱ्याची. त्या खुर्चीचे पाय आजही बाकीच्यांपेक्षा बारीक आहेत. पाहुण्यांना दिसत नाहीत, मला रोज जेवताना दिसतात.

मी राउटरकडे वळलो तो याच एका गोष्टीसाठी. वेगासाठी नाही, मजबुतीसाठीही नाही. गोंद लागल्यानंतर एकदा हलवून जागेवर आणता यावं, इतकंच मला हवं होतं.

सुट्या कुसवाचा सांधा म्हणजे पायातही खाच, पट्टीच्या टोकातही खाच, आणि दोन्हीत मिळून एक वेगळी चपटी पट्टी. पायाची आणि पट्टीची खाच एकाच जिगमधून, एकाच टेकूच्या पट्टीला लावून पाडली की पुढचा पृष्ठभाग आपोआप जुळतो, कारण दोन्ही लाकडांची पुढची बाजू त्याच टेकूला लागलेली असते. पट्टी १९.५ मिमी भरली काय आणि २०.५ भरली काय, फरक मागे जातो, जिथे कुणी बघत नाही. वर-खाली जुळवायला पायातली खाच मी २ मिमी लांब ठेवतो. गोंद लावून पट्टी बसवायची, वरची कड अंगठ्यानं तपासायची, लाकडी हातोडीनं टक-टक, आणि ती जागेवर येते. पहिल्यांदा तशी सरकली तेव्हा मी एकटाच पडवीत हसलो असेन.

जिग विकत आणायची गरज नाही. १२ मिमीच्या प्लायच्या चार पट्ट्या अशा चिकटवायच्या की मध्ये लांबट खिडकी राहील. माझं बिट ८ मिमीचं आणि गाईड बुश, म्हणजे राउटरच्या तळाला बिटाभोवती बसणारी, खिडकीच्या कडेला घासत चालणारी नळी, बाहेरून १६ मिमीचा. म्हणजे बिटाच्या दोन्ही बाजूंना बुश ४-४ मिमी जास्त. खिडकीची रुंदी बुशइतकीच, १६. लांबी खाचेपेक्षा ८ नं जास्त: ३५ मिमीच्या खाचेला खिडकी ४३. खिडकी कापत बसू नका. १६ मिमीचा तुकडा मध्ये ठेवून पट्ट्या त्याला भिडवून चिकटवल्या की रुंदी नेमकी येते. मग खाली टेकूची पट्टी ठोकायची, खिडकीच्या मध्यरेषेपासून १० मिमीवर, म्हणजे २० मिमीच्या पट्टीत खाच मध्यात येईल. पट्टी पायाच्या जरा आत बसवायची असेल तर टेकू तेवढाच दूर ठोकायचा आणि पट्टी लावताना टेकू आणि पट्टीच्या मध्ये तेवढ्या जाडीची फळकुटी सरकवायची. सगळी करामत इतकीच. मला दोन रविवार लागले, कारण पहिल्या रविवारी टेकू काटकोनात नव्हता आणि ते मला चार खाचा पाडल्यावर कळलं.

कुसू म्हणजे उरलेल्या लाकडाची ८ मिमीची पट्टी. राउटरच्या खाचेची टोकं गोल येतात. ती पटाशीनं चौकोनी करायची किंवा कुसवाच्या कडा गोल करायच्या असं बरेच जण सांगतात. मी दोन्ही करत नाही. ३५ च्या खाचेचा सपाट भाग २७ उरतो, तेवढंच रुंद चौकोनी कुसू घालतो. गोंद धरतो तो सपाट गालांवर. टोकांत पोकळी राहिली तर जास्तीचा गोंद तिथे जातो. दोन्हीकडे २५ खोल खाच असेल तर कुसू ४८ लांब. आणि पट्ट्या पायाच्या जरा आत बसवल्या असतील तर शेजारच्या बाजूंनी येणाऱ्या दोन खाचा पायात एकमेकींना भिडतात, म्हणून कुसवांची टोकं ४५ अंशांत कापावी लागतात. डॉवेलच्या वेळी भोकं वर-खाली ठेवून हे टाळता येत होतं, हे कबूल.

आता राउटरची कटकट. आवाज मोठा. पडवीत करतो म्हणून चालतं, फ्लॅटमध्ये असतो तर शेजाऱ्यांशी बोलणं बंद झालं असतं. भुसा पिठासारखा बारीक आणि फणसाचा पिवळा. मास्क न लावता एकदा केलं, दोन दिवस शिंका. ट्रिमर, म्हणजे छोटा राउटर असेल तर त्याला खाली बुडणारा प्लंज बेस हवाच. चालू बिट तिरकं करून लाकडात उतरवायचा मोह होतो, तो आवरा. बिटही लांब पाहिजे. २५ खोली आणि वर १२ चा प्लाय, म्हणजे ३७ मिमी तर नुसतं जाण्यातच गेलं. एका दमात खोल जायचं नाही, ३-४ मिमीचे टप्पे घ्यायचे आणि मधेमधे खाचेतला भुसा ओढून काढायचा, नाहीतर बिट तापतं आणि लाकूड करपल्याचा वास येतो.

आणि कॉलेट, म्हणजे बिटाचा दांडा धरणारी राउटरची पकड. आपल्याकडे ६ मिमी आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, अशी दोन्ही दांड्यांची बिटं एकाच काउंटरवर मिळतात आणि दुकानदार ‘एकच आहे हो’ म्हणून देतो. एकच नाही. मी ६ मिमी दांड्याचं बिट ६.३५ च्या कॉलेटमध्ये आवळलं. आवळल्यासारखं वाटलं. वर भुसा फेकणारं पिळाचं बिट स्वतःला लाकडात ओढत नेतं. ते हळूहळू कॉलेटमधून खाली सरकत गेलं आणि पायाच्या पलीकडच्या बाजूनं बाहेर डोकावलं. तो पाय आता दाराला अडण म्हणून आहे. बोटावर बेतलं नाही हे नशीब. तेव्हापासून कॉलेटच्या मापाचाच दांडा, आणि बिट तळाला टेकवून मग दोन-तीन मिलिमीटर वर उचलूनच आवळतो.

एका ठिकाणी मात्र मी आजही डॉवेल जिगच घेईन. पट्टीच्या टोकात खाच पाडायला ती पट्टी उभी धरावी लागते. खुर्चीची ४०० मिमीची पट्टी टेबलाच्या कडेला सहज उभी राहते. सहा फुटी लाकूड उभं केलं तर राउटर घेऊन स्टुलावर चढायचं का? तिथे लाकूड आडवं ठेवून डॉवेल जिग लावणं शहाणपणाचं. फळीला फळी कडेनं जोडायची असेल तरी डॉवेल पुरतात, आणि वर्षातून एखादंच स्टूल करणाऱ्यानं राउटरच्या वाटेला जावं असं मी म्हणणार नाही. दोन रविवार जिगमध्ये आणि एक रविवार स्टुलात, हा हिशेब बसत नाही.

पण सारख्या मापाचे सांधे दहा-बाराच्या वर असतील, आणि राउटर घरात आहेच किंवा कधीतरी घ्यायचाच आहे, तर मी तरी प्लायच्या चार पट्ट्या चिकटवायला बसेन. माझ्या दुसऱ्या तीन खुर्च्यांच्या २४ सांध्यांना ४८ खाचा लागल्या, भोकांच्या निम्म्या. एकाही पट्टीवर रंधा मारावा लागला नाही. कदाचित तोवर माझाही हात थोडा बसला असेल, ते वजा धरा.

मागच्या महिन्यात शेजारचा मुलगा अभ्यासाच्या टेबलासाठी जिग मागायला आला. डॉवेलचं आहे ते लगेच दिलं, डबीतल्या डॉवेलसकट. प्लायच्या जिगकडे बोट दाखवून त्यानं हे काय आहे विचारलं. मी म्हटलं, ते इथे येऊन वापर.