शनिवारचे पालक पत्रक: जून ते मार्च वापरानंतरचा अनुभव

माझी मुलगी बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात एका खासगी अनुदानित शाळेत आठवीत शिकते. या शाळेने गेल्या जूनपासून सहावी ते आठवीच्या पालकांसाठी दर शनिवारी एक पत्रक काढण्यास सुरुवात केली. शनिवारची सकाळची शाळा सुटली की दुपारपर्यंत ते वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येते आणि त्याचीच छापील प्रत फाटकाजवळच्या सूचना फलकावर लागते. वार्षिक परीक्षा आता तोंडावर आली आहे. जवळजवळ संपूर्ण शैक्षणिक वर्ष हे पत्रक वाचल्यानंतर त्याचा उपयोग नेमका कोणाला आणि किती झाला, आणि ते कोठे कमी पडले, हे सविस्तर लिहिण्याचा हा प्रयत्न आहे. एखादी शाळा असे काही सुरू करण्याच्या विचारात असेल, तर तिला याचा उपयोग व्हावा.

यापूर्वी शाळेची सूचना घरी पोहोचण्याचे दोनच मार्ग होते. एक तर मुलांनी घरी येऊन सांगावे, किंवा गटावर कोणत्याही वेळी येणाऱ्या शुभेच्छा, चित्रे आणि जाहिराती यांच्या गर्दीतून पालकांनी ती शोधून काढावी. मुले सहलीची सूचना आवर्जून सांगतात, कागदपत्रांची विसरतात. त्यामुळे शेवटच्या दिवशी दाखल्यासाठी धावपळ होणे हे दरवर्षीचेच झाले होते.

पत्रक एका पानाचे असते. सर्वांत वर येत्या आठवड्यात पालकांनी करावयाची कामे, त्याखाली पुढील पंधरवड्याच्या तारखा, मग वर्गवार घडामोडी आणि तळाशी शालेय पोषण आहाराचा आठवड्याचा बेत, असा क्रम हिवाळ्यातील काही आठवडे सोडले तर पहिल्या पत्रकापासून कायम आहे. मला हा क्रमच या उपक्रमाचे सर्वांत मोठे बळ वाटते. शेतातून किंवा दुकानातून थकून आलेला पालक संपूर्ण पान वाचेलच असे नाही, परंतु वरच्या चार ओळी तो वाचतो आणि त्याच्या कामाचे सर्व काही त्या चार ओळींतच असते.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेची, म्हणजे आपण ज्याला एनएमएमएस म्हणतो तिची सूचना यासाठी पाहण्यासारखी आहे. ही परीक्षा आठवीतील विद्यार्थ्यांसाठी असते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 3,50,000 रुपयांपेक्षा अधिक नसावे आणि सातवीत किमान 55 टक्के गुण असावेत, अशी तिची अट आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांना गुणांत पाच टक्क्यांची सवलत मिळते. निवड झाल्यास नववी ते बारावी अशी चार वर्षे दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. आमच्याकडील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम मुलीचे शिक्षण दहावीनंतर चालू राहते की थांबते, हे ठरवू शकते. अर्ज शाळाच भरते, पण उत्पन्नाचा दाखला पालकालाच काढावा लागतो. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल, सेवा केंद्रावरील अर्ज आणि तहसील कार्यालयाची मंजुरी एवढे टप्पे असतात आणि त्यात पंधरवडा सहज जातो. पत्रकात ही सूचना ऑगस्टमध्येच आली. दाखला कोणाच्या नावाने हवा, सोबत कोणती कागदपत्रे न्यावीत आणि तो वर्गशिक्षकांकडे कोणत्या दिवसापर्यंत द्यावा, हे तिच्यात स्पष्ट होते. त्यानंतर तीच सूचना प्रत्येक शनिवारी उरलेल्या दिवसांसह पुन्हा येत राहिली. पोळ्यानंतर तहसीलात गर्दी वाढते, म्हणून त्याआधीच अर्ज करावा, असेही एका पत्रकात लिहिले होते. शासनाच्या परिपत्रकात असे वाक्य कधीच येणार नाही. ते गावची परिस्थिती जाणणाऱ्या शिक्षकालाच सुचते.

आधार आणि अपार (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींसाठीचा कायमस्वरूपी) ओळख क्रमांकाच्या बाबतीतही पत्रकाने मोठे काम केले. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नाव आणि आधारवरील नाव जुळत नसेल, तर अपार क्रमांक तयार होण्यास अडचण येते. आपल्याकडे रजिस्टरमध्ये आडनाव आधी आणि आधारवर स्वतःचे नाव आधी असते, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमीजास्त असते, तर कधी आईचे नाव माहेरचे लागलेले असते. पत्रकात या तिन्ही प्रकारांचे काल्पनिक नमुने शेजारी शेजारी छापून पालकांनी आपल्या पाल्याचे नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, असे सांगितले होते. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आधारमधील बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करावी लागते, ही माहिती आमच्या गल्लीतील बहुतेकांना याच पत्रकातून मिळाली.

मात्र, या उपक्रमाचे खरे मोल मला दिवाळीनंतर कळले. आमच्या तालुक्यातून आणि शेजारच्या धारूर, वडवणी भागातून हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. आईवडील फडात आणि मुले गावात आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात, अशी कित्येक घरांची स्थिती असते. या पालकांसाठी शाळेने नोव्हेंबरपासून पत्रकासोबत त्याची ध्वनिफीत पाठवण्यास सुरुवात केली. वर्गशिक्षिका बाई तेच पत्रक सावकाश, घरच्या बोलीत वाचून दाखवतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांची तर सोय झालीच, पण ज्यांना येते तेही दिवसभराच्या तोडणीनंतर कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, परतल्यावर फोन कानाला लावून ऐकतात, कारण त्या वेळी पान वाचण्याइतके त्राण उरलेले नसते. आमच्या शेजारचे कुटुंब यंदा कोल्हापूरकडे गेले आहे. एका रविवारी सकाळी त्या वहिनींचा मला फोन आला, “दादा, बाईंनी बँकेच्या खात्याचं सांगितलंय, आमच्या आईला तेवढं समजून सांगा आणि पोराला संगट घेऊन जा.” चारशे किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या आईला आपल्या मुलाचे शाळेतील काम अडले आहे हे त्याच आठवड्यात कळले आणि ते पुढच्या मंगळवारी पूर्णही झाले. ज्यांची मुले सोबतच गेली आहेत त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक घेऊन तेथील शाळेत कसे बसवावे, हेही ऑक्टोबरच्या पत्रकात दिलेले होते. ही ध्वनिफीत पहिल्या दिवसापासून असायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

बातम्यांचा भाग वाचनीय असतो, पण त्याचा दर्जा सारखा नसतो. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आधीच्या पत्रकात 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन कसे झाले, हे थोडक्यात देऊन मुलांनी घरातील किंवा गावातील वयोवृद्धांना त्या काळाबद्दल विचारून एक पान लिहून आणावे, असे सुचवले होते. माझ्या मुलीने माझ्या चुलत आजोबांकडून रझाकारांच्या काळात रात्री गाव सोडून शिवारात मुक्काम करावा लागल्याची हकिकत लिहून घेतली. ती मी स्वतःही तोपर्यंत ऐकलेली नव्हती. याउलट हिवाळ्यात काही आठवडे पत्रकाचा निम्मा भाग पाहुण्यांचे सत्कार आणि हारतुरे यांच्या छायाचित्रांनी व्यापला, पत्रक दोन पानांचे झाले आणि कामाच्या सूचना खाली ढकलल्या गेल्या. पालकांनी बैठकीत हे सांगितल्यावर छायाचित्रे वेगळी पाठवली जाऊ लागली.

पोषण आहाराचा बेत छापण्याने एक चांगली गोष्ट घडली, ती म्हणजे घरी त्याविषयी चौकशी होऊ लागली. सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलामागे रोज 150 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, हे अनेक पालकांना प्रथमच समजले. फेब्रुवारीतील जंतनाशक दिनाची सूचनाही नेमकी होती: गोळी चावून खायची असते, मुलाने जेवून यावे, आजारी असल्यास त्या दिवशी घेऊ नये आणि 10 फेब्रुवारीला राहिलेल्यांना नंतर ठरलेल्या दिवशी ती मिळेल.

उणिवाही गंभीरपणे सांगायला हव्यात. सप्टेंबर 2025 मधील अतिवृष्टीत मांजरा काठच्या गावांचे रस्ते बंद झाले, तेव्हा साप्ताहिक पत्रकाचा काहीच उपयोग नव्हता आणि ते अपेक्षितही नाही. पण त्याच काळात सुट्टीचा एक जुना आदेश गटांवर नव्याने फिरला आणि काही मुले शाळा सुरू असताना घरी राहिली. त्यानंतर मुख्याध्यापकांनी तातडीच्या सूचनांसाठी फक्त शाळेलाच संदेश पाठवता येईल असा स्वतंत्र गट केला आणि प्रत्येक पत्रकावर दिनांक व जावक क्रमांक टाकण्यास सुरुवात केली. साधी सुधारणा आहे, परंतु तिच्यामुळे खरे पत्रक कोणते, याबद्दल शंका राहत नाही.

दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. सुरुवातीच्या काही पत्रकांत ज्यांचे दाखले किंवा कागदपत्रे आलेली नाहीत, त्या मुलांची पूर्ण नावे छापली जात होती. जातीचा दाखला कोणाचा राहिला, बँक खाते कोणाचे उघडलेले नाही, हे साऱ्या गावाने वाचण्याचे कारण नाही, आणि बारातेरा वर्षांच्या मुलाला त्याचे वाईट वाटते. काही पालकांनी हरकत घेतल्यावर आता अशा पालकांना स्वतंत्र संदेश जातो. ज्या शाळा असे पत्रक सुरू करतील त्यांनी हा नियम आरंभीच करावा.

तांत्रिक अडचण एकच, पण ती अजून सुटलेली नाही. पत्रक कागदावर छापून त्याचा फोटो काढून पाठवले जाते. लहान फोनवर अक्षरे फिसकटतात आणि तारीख शोधायची झाल्यास जुन्या फोटोंमधून एकेक उघडून पाहावा लागतो. तोच मजकूर साध्या संदेशाच्या रूपात पाठवला, तर वाचायलाही सोपा जाईल आणि शोधताही येईल. ज्या शिक्षकांकडे हे काम आहे ते अध्यापन आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या जबाबदाऱ्या सांभाळून शनिवारी थांबून हे करतात, याची मला जाणीव आहे. तरीही सांगतो, कारण फोटोपेक्षा मजकूर पाठवणे त्यांनाही कमी कष्टाचे आहे.

येत्या काही आठवड्यांत पत्रकाची खरी गरज आठवीच्या पालकांना लागणार आहे. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलांना पुनर्परीक्षा द्यावी लागते आणि तीतही यश न आल्यास त्यांना त्याच वर्गात ठेवले जाते. आठवीपर्यंत कोणालाच नापास करत नाहीत, हा समज गावात अजून पक्का आहे. मागील दोन पत्रकांत हा बदल ठळक अक्षरांत आला आणि बाईंनी ध्वनिफितीत तो दोनदा वाचून दाखवला, हे योग्यच झाले. पुनर्परीक्षा जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या सुमारास होते. त्या वेळी टोळ्या परतलेल्या असतात, पण मे महिन्यात पत्रक बंद असल्याने तारीख कळण्याची सोय राहत नाही.

म्हणून आम्ही काही पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी दोन मागण्या दिल्या आहेत. मे महिन्यातही किमान दोन पत्रके निघावीत, आणि कारखान्यावर जाताना अनेकजण सिमकार्ड बदलतात म्हणून दसऱ्यापूर्वी प्रत्येक वर्गशिक्षकाने पालकांचे चालू क्रमांक आणि गावात राहणाऱ्या एका नातेवाइकाचा क्रमांक नव्याने नोंदवून घ्यावा. समितीची बैठक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे.