गिरणीच्या माडीवरचा इंग्रजीचा क्लास: तीन महिन्यांचा अनुभव

आधीच सांगतो, हा स्पोकन इंग्लिशचा क्लास नाही. इथे कुणी उभं करून 'माय सेल्फ अमुक तमुक' म्हणायला लावत नाही आणि तीस दिवसांत फाडफाड वगैरे प्रकारही नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर हायस्कूलमधून रिटायर झालेले एक सर शनिवार-रविवार सकाळी दीड-दीड तास फक्त चुकलेली इंग्रजी वाक्यं दुरुस्त करायला शिकवतात, बस्स. क्लासचं नाव लिहीत नाही कारण सरांनीच सांगितलंय की बाबांनो जाहिरात करू नका, बसायला जागा नाही. तरी लिहितोय, कारण तीन महिन्यांचे साडेचार हजार भरलेत आणि ते वसूल झालेत असं माझं मत आहे, थोडी कुरकुर आहे ती पुढे येईलच.

मी गेलो कशाला ते सांगतो. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत डिस्पॅचला आहे, मेलामेली सगळी माझ्याकडे. आमची पिढी पाचवीत एबीसीडी गिरवलेली, पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं तोवर आम्ही पुढे निघून गेलो होतो. तर एका जर्मन कस्टमरच्या ड्रॉइंगमध्ये एक माप नीट कळत नव्हतं, म्हणून मेल टाकला 'वुई हॅव डाउट इन युवर ड्रॉइंग'. पाठवायच्या आधी शहाणपणा करून फोनमधल्या चेकर ऍपमधून पण काढला, त्याने डाउटच्या आधी एक 'अ' लावून दिला आणि हिरवा टिक दाखवला. मी खूश! दुसऱ्या दिवशी तिकडून भला मोठा मेल, आमच्या ड्रॉइंगवर तुम्ही संशय का घेताय, नेमकं काय चुकलंय ते लेखी कळवा, आणि आमच्या साहेबांना सीसी. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून काय ऐकवलं ते इथे नको.

पहिल्याच रविवारी हे वाक्य मी वहीत लिहून नेलं होतं. सरांनी ते फळ्यावर घेतलं आणि विचारलं, "हे मनात मराठीत कसं आलं होतं ते सांगा." मी म्हटलं, ड्रॉइंगमध्ये आम्हाला एक शंका आहे. सरांनी 'शंका' शब्दाभोवती खडूने गोल काढला आणि म्हणाले, वर्गात हात वर करून विचारतो ती पण शंका आणि पोलिसाला येते ती पण शंकाच, मराठीत दोघी एकाच घरात राहतात, इंग्रजीत पहिलीला क्वेश्चन म्हणायचं आणि डाउट ही फक्त दुसरीला. मग खाली लिहिलं 'वुई हॅव अ क्वेश्चन अबाउट युवर ड्रॉइंग'. एवढंच. ऍपला हे सापडणारच नव्हतं, कारण व्याकरण बरोबर होतं, माणूस चुकला होता.

सगळा क्लास असाच चालतो. दर आठवड्याला प्रत्येकाने स्वतःची दहा वाक्यं आणायची, मेलमधली, व्हॉट्सऍपमधली, कुठलीही, पण आपण खरोखर लिहिलेली. वहीत तीन ओळी: वर आपलं वाक्य, मध्ये ते ज्या मराठीतून आलं ती मराठी, खाली दुरुस्त केलेलं. मधली ओळ सोडली की सर वही परत देतात. मला सुरुवातीला हे लहान मुलांचं वाटलं, पण दोन-तीन आठवड्यांत कळलं की खरी मेख मधल्या ओळीतच आहे.

उदाहरणार्थ 'पासून'. 'आय ऍम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' हे वाक्य बॅचमधल्या निम्म्या लोकांच्या वहीत निघालं, माझ्या तर बायोडेटात होतं! मराठीत सोमवारपासून आणि दोन वर्षांपासून दोन्हीला एकच पासून चालतो. इंग्रजीत सोमवार हा सुरुवातीचा खुंटा म्हणून तिथे सिन्स, आणि दोन वर्षं ही लांबी म्हणून तिथे फॉर. शिवाय आपण 'करतोय' म्हणतो म्हणून हात आपोआप 'ऍम वर्किंग'वर जातो, तिथे 'हॅव बीन वर्किंग' पाहिजे. म्हणजे सात शब्दांत दोन चुका आणि दोन्ही एकाच मराठी वाक्यातून आलेल्या.

'आय डिड नॉट वेंट'चं पण तसंच. आपण 'गेलो नाही' म्हणतो, गेलो तसाच राहतो आणि नाही शेवटी येऊन बसतं. सर म्हणाले इंग्रजीत भूतकाळाचं गाठोडं एकानेच उचलायचं असतं, ते डिडने उचललं की गो मोकळा. हे वाक्य मी आमच्या स्टोअरच्या पोराला सांगितलं, त्याने दुसऱ्या दिवशी चार जणांना सांगितलं.

मला सगळ्यात आवडला तो 'च'चा रविवार. 'वुई हॅव सेंट द मटेरियल यस्टरडे ओन्ली.' मी असलं वाक्य आजवर किती वेळा पाठवलं असेल देव जाणे. मधल्या ओळीत काय, तर 'माल कालच पाठवलाय'. आता यात बघा, 'च'साठी आपण ओन्ली चिकटवतो, पण तो जोर इंग्रजीत तसा शेवटी लोंबकळत ठेवत नाहीत, सरळ काढून टाकायचा. आणि 'काल पाठवलाय' हे मराठीत एकदम ठीक, पण इंग्रजीत यस्टरडे आला की हॅव सेंट चालत नाही, नुसतं सेंट. 'वुई सेंट द मटेरियल यस्टरडे.' इतकं साधं वाक्य लिहायला मी पंधरा वर्षं घेतली.

आणि दर वेळी गुन्हेगार मराठीच असते असंही नाही. 'प्लीज टेल मी व्हेअर इज द ट्रक' हे घ्या. मी म्हटलं सर, ही पण मराठीचीच चूक असणार. तर नाही! मराठीत आपण 'ट्रक कुठे आहे ते सांगा' म्हणतो, ट्रक आधी, आहे नंतर. इंग्रजीत पण तेच पाहिजे, 'व्हेअर द ट्रक इज'. शाळेत प्रश्नात इज पुढे घ्यायचा असं इतकं घोकून घेतलंय की प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला तरी आपण इज पुढे ओढतोच. म्हणजे इथे मराठी ऐकली असती तर वाचलो असतो.

'डिस्कस अबाउट', 'मॅरिड विथ', 'वन ऑफ माय फ्रेंड', 'फर्निचर्स' या सगळ्या चुका एका तासात उरकल्या, त्यांची बरोबर रूपं पाठच करायची आहेत. अ आणि द मात्र मला अजून जमत नाही. मराठीत ती भानगडच नाही, त्यामुळे मधल्या ओळीत शोधायला काही सापडत नाही आणि इथे सरांची पद्धत अडते. त्यांनी स्वतः कबूल केलं की हे वाचून वाचूनच अंगवळणी पडेल. खोटी आशा दाखवली नाही हे मला बरं वाटलं.

सर सोवळेवाले पण नाहीत. एकाने प्रीपोन चूक म्हणून आणला तर म्हणाले राहू दे, आपल्याकडे सगळ्यांना कळतो आणि ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतसुद्धा आहे, फक्त परदेशी माणसाला लिहिताना 'मूव्ह्ड टू ऍन अर्लिअर डेट' लिही. कझन ब्रदरवर मात्र वाद झाला. मामेभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ एवढी श्रीमंती असलेल्या माणसाला नुसता कझन म्हणजे उपाशी ठेवल्यासारखंच आहे हो. सर म्हणाले, घरी म्हणा, मेलमध्ये नको.

आता कुरकुर. एक, बॅच पंधराची सांगितली होती, आम्ही बत्तीस झालो. मे महिन्यात माडीवर दोन पंखे, त्यातला एक आवाजापुरता, आणि रविवारी खाली गिरणी सुरू झाली की मागच्या बाकावर फॉर म्हणाले का फ्रॉम हे कळत नाही. पीठ बसतं वहीवर ते वेगळंच.

दोन, निम्मी पोरं स्पर्धा परीक्षेची. एसएससी सीजीएलच्या (म्हणजे दहावी नव्हे, केंद्र सरकारच्या नोकरीची पदवीधरांची परीक्षा) पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न ५० मार्कांना, चुकलं की अर्धा मार्क जातो, त्यामुळे त्यांची घाई मी समजू शकतो. त्यांना मधली ओळ नको असते, त्यांना पाहिजे 'नो सूनर दिसलं की दॅन, हार्डली दिसलं की व्हेन, सीनियरपुढे टू'. शनिवारचा निदान अर्धा तास त्यात जातो आणि चूक शोधायच्या प्रश्नात 'नो एरर' हा पर्याय कधी मारायचा यावर तर दर आठवड्याला चर्चासत्र असतं. नोकरीवाल्यांची वेगळी बॅच काढा असं मी दोनदा सुचवलं, सर हसतात.

तीन, नोट्स. झेरॉक्स पुसट, आणि कव्हरवर ग्रॅमरच्या स्पेलिंगमध्ये शेवटचा ए असतो तिथे ई छापलाय! पहिल्या दिवशी मी बोट दाखवलं तर सर म्हणाले, छापणाऱ्याने केलंय, शंभर छापून झालीत, संपू देत. आता चुका काढायच्या क्लासच्या कव्हरवरच चूक, काय बोलायचं.

ऍप काढून टाकलंय का? नाही, ठेवलंय. एस राहिला, स्पेलिंग चुकलं, एक शब्द दोनदा पडला हे ते माझ्यापेक्षा लवकर पकडतं आणि अ-द साठी तर मला तेच लागतं. पण का चुकलं ते कळत नाही, त्यामुळे तीच चूक मी परवा परत करणार आणि ते परत दुरुस्त करणार, असं आमचं दोन वर्षं चाललं होतं. क्लासनंतर सिन्स आणि ओन्ली एवढे दोन तरी बोटातून सुटलेत. घरी पोरगी चौथीला सेमीत आहे, ती माझी वही तपासते, मागच्या आठवड्यात दहापैकी सात दिले.

पाचपैकी चार स्टार. एक पंख्याचा कापला. फाडफाड बोलायचं असेल तर जाऊ नका, रोज चार मेल लिहायला लागत असतील तर नक्की जा. पुढची बॅच गणपती झाल्यावर आहे, फोनवर नाव घेत नाहीत, शनिवारी सकाळी जाऊन रोख भरायला लागतात. पुढच्या बाकावर बसायचं तर पावणेआठला पोचा, आणि गाडी गिरणीच्या दारात लावू नका, मालक हवा सोडतो.