बाटलीत होतं काय? काच वाचावी की गाळ तपासावा

अमेरिकन यादवी युद्धातली (१८६१ ते १८६५) लष्करी औषधाची बाटली हाती आली की आत काय होतं, हे शोधायच्या वाटा दोन. काच वाचायची किंवा तळाचा गाळ तपासायचा.

काच वाचायला खर्च नाही, पण ती बोलते कमी. ‘यू. एस. ए. हॉस्प. डेप्ट.’ (अमेरिकी लष्कराचा रुग्णालय विभाग) ही उठावाची अक्षरं मालक कोण ते सांगतात, औषध नाही. तीच अक्षरं फिकट निळसर-हिरव्या काचेवर सापडतात आणि गर्द निळ्या काचेवरही. त्यामुळे ‘निळी म्हणजे विषाची’ हा ठोकताळा इथे चालत नाही. औषधाचं नाव कागदी लेबलावर असे, आणि मातीत पुरलेल्या बाटलीवर कागद टिकत नाही. रंगापेक्षा तोंड पाहावं. रुंद तोंड बहुधा पूड किंवा गोळ्यांसाठी, अरुंद तोंड द्रवासाठी. घासून बसवलेलं काचेचं बूच असेल तर उडून जाणारं किंवा साधं बूच खाणारं काहीतरी: ईथर, क्लोरोफॉर्म, आम्ल.

याला लष्कराच्या पुरवठा-यादीची जोड द्यावी. कोयनेल, अफू, एरंडेल, व्हिस्की हे सगळं तिथे आहे. मे १८६३ मध्ये लष्करी वैद्यकीय खात्याचे प्रमुख (सर्जन जनरल) विल्यम हॅमंड यांनी कॅलोमेल (पाऱ्याचं औषध) आणि टार्टर एमेटिक (अँटिमनीचं, ओकारी आणणारं औषध) यादीतून काढून टाकलं, लष्करी डॉक्टर भडकले तरी. म्हणजे बाटली त्यानंतरची ठरली तर या दोन नावांवरचा संशय कमी होतो. संपत मात्र नाही, कारण जुना साठा कुठे ना कुठे असणारच.

प्रयोगशाळा नेमकं बोलते, पण विचारलं तेवढंच. एक्सआरएफ यंत्र, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र, गाळ न खरवडता पारा, आर्सेनिक दाखवतं; कोयनेल किंवा मॉर्फिन त्याला दिसत नाही. त्यासाठी नमुना काढून मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणारी चाचणी, करावी लागते. अतिनील टॉर्चवर फार विसंबू नये. आम्लातलं कोयनेल निळं चमकतं हे खरं, पण मँगॅनीज असलेली जुनी काच स्वतःच हिरवट चमकते.

माझं मत सांगायचं तर खोदून काढलेल्या रिकाम्या बाटलीवर चाचणीचे पैसे घालू नयेत. आत माती झिरपलेली असते, शिवाय बाटल्या पुन्हा भरल्या जात; सापडलाच तर शेवटचा ऐवज सापडेल. बूच शाबूत आणि तळाशी थर असेल तर मात्र प्रयोगशाळाच. तोवर बाटली धुवायची नाही, बूचही उघडायचं नाही. जुन्या ईथरच्या बुचाभोवती साचलेले पेरॉक्साइडचे स्फटिक नुसत्या घर्षणाने फुटू शकतात.

आणि विकणारा ‘ही कोयनेलचीच’ म्हणून भाव चढवत असेल, तर लेबल किंवा चाचणीचा अहवाल मागावा. दोन्ही नसेल तर रिकाम्या बाटलीचा भाव द्यावा.