एम्प्टी एप्सिलॉन, नऊ महिन्यांनंतर: सगळा जीव कूलंटच्या पट्टीत

एम्प्टी एप्सिलॉन हा संगणकावरचा खेळ, त्यात सहा जण मिळून एक अवकाश-युद्धनौका चालवतात. मागच्या महिन्यात माझं टचस्क्रीन पॅनेल गेलं. पूर्ण गेलं नाही, उजवीकडे बोटभर रुंदीचा एक उभा पट्टा मेला, आणि इंजिनिअरिंगच्या पडद्यावरची कूलंटची (यंत्रणा थंड ठेवणाऱ्या द्रवाची) सरकपट्टी नेमकी तिथेच येत होती. समोर क्टलिटन या शत्रू जमातीची टोळी, रिअ‍ॅक्टर लाल, मी बोट घासतोय आणि पट्टी जागची हलत नाही. त्या रात्री आमचं जहाज गेलं. नऊ महिन्यांत जहाजं बरीच गेली, पण माझ्या हातात काहीच न उरता गेलेलं हे पहिलं.

वॉरंटीचे सात महिने शिल्लक होते. सर्व्हिस सेंटरने पहिल्या दिवशी सांगितलं, "फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही." काचेवर ओरखडासुद्धा नव्हता. दुसऱ्या खेपेला खोक्याचा फोटो मागितला, तिसऱ्या खेपेला म्हणाले की सारखं एकाच जागी बोट फिरवल्यामुळे असं होतं. टचस्क्रीन बोटाने वापरण्यासाठीच असते, हे मला काउंटरवर उभं राहून सांगावं लागलं. पॅनेल अजून त्यांच्याकडेच आहे. मी एक पैसा देणार नाही हे लेखी कळवलंय.

पण या भांडणामुळेच इतके दिवस राहिलेला हा अनुभव लिहायला बसलो. खेळाची सविस्तर ओळख करून देत नाही. कॅप्टन, हेल्म्स (जहाज हाकणारा), वेपन्स (शस्त्रं), इंजिनिअरिंग, सायन्स (रडार आणि शत्रूची माहिती), रिले (संपर्क) या सहा जागा ज्यांना ठाऊक आहेत त्यांच्यासाठी हे आहे. आम्ही चुलत-मावस भावंडं मिळून सहा जण. ताई कॅप्टन, मी पहिल्या दिवसापासून इंजिनिअर. आधी आर्टेमिस हा असाच दुसरा खेळ घ्यायचा विचार होता, पण तो विकत घ्यावा लागतो आणि हा फुकट, शिवाय मुक्तस्रोत. घरात पडलेले जुने लॅपटॉप काढले, रिलेसाठी एक जुना अँड्रॉइड टॅब लावला, सगळं एका राउटरवर जोडलं. खर्च फक्त माझ्या त्या पॅनेलचा झाला, आणि तोच वाया गेला.

पहिले दोन महिने मला इंजिनिअरिंग आवडलं नव्हतं, हे आधी सांगतो. बाकीच्यांना तारे दिसतात, शत्रू दिसतो, क्षेपणास्त्रं सुटताना दिसतात. मला दिसतात नुसत्या पट्ट्या: प्रत्येक यंत्रणेची तब्येत, तापमान, वीज, कूलंट. वीज शून्यापासून ३०० टक्क्यांपर्यंत ढकलता येते, पण शंभराच्या वर गेलं की यंत्रणा तापायला लागते, आणि कूलंट सगळ्या जहाजाला मिळून मोजकंच. एकीकडे ओतलं की दुसरीकडचं आटतं. मला वाटायचं, ही हिशेबाची वही मला दिली आणि खेळ बाकीच्यांना दिला.

मत बदललं ते एका संध्याकाळी. मागे तीन एक्सुआरी लागले होते. ही जमात मारण्यातच आनंद मानते, त्यामुळे बोलणी वगैरे प्रश्नच नव्हता. ताई म्हणाली, "वेग पाहिजे, जितका असेल तितका." मी इम्पल्स इंजिन (जहाजाचं नेहमीचं इंजिन) सरळ ३०० टक्क्यांवर नेलं आणि कूलंट पुढच्या ढालींवरच राहू दिलं. जहाज सुसाट सुटलं आणि थोड्याच वेळात इंजिन तापून निकामी झालं. आम्ही उभे राहिलो ते स्वतःच पेरलेल्या सुरुंगांशेजारी. हेल्म्सवरचा भाऊ ओरडतोय, "वळत का नाही?", आणि उत्तर फक्त माझ्या पडद्यावर. मी दुरुस्तीची माणसं इंजिनाच्या खोलीकडे पळवत होतो आणि ती जहाजभर चालत जाईपर्यंत सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की जहाज खरं कुठे चालतं.

त्यानंतर मी पद्धत बसवली. नवीन इंजिनिअरना हीच सांगेन. वीज वाढवायच्या आधी कूलंट पोचलेलं असलं पाहिजे. यंत्रणा तापल्यावर धावायचं नाही. ताईने "झेप" हा शब्द उच्चारला की जंप ड्राइव्हला (एका झेपेत लांब नेणाऱ्या यंत्रणेला) मी आधी कूलंट देतो आणि मगच वीज. लढाई चालू नसेल तेव्हा क्षेपणास्त्रांची वीज उतरवून ठेवतो, कारण जहाजाची ऊर्जाही मोजकीच असते आणि तळाला लागेपर्यंत ती पुरवायची असते. आणि तोंडाने बोलायचं. कॅप्टनला मुख्य पडदा दिसतो, माझे आकडे दिसत नाहीत. तिला आकडा सांगून उपयोग नाही, वेळ सांगावी लागते. "इंजिन ८५ टक्के तापलंय" यातून ती काही ठरवू शकत नाही. "आणखी वीस सेकंद पळता येईल, मग थांबावं लागेल" म्हटलं की ठरवता येतं. खऱ्या नौदलात हुकूम मिळाला की तो ऐकणारा पुन्हा उच्चारतो, तेही आम्ही घेतलं. सुरुवातीला नाटकी वाटलं, पण चुकीच्या दिशेला सुटलेली एक न्यूक (अण्वस्त्र) स्वतःच्याच मालवाहू जहाजाला पोळून गेल्यावर कोणालाच नाटकी वाटेना. आता घाबरगुंडी उडाली की मी अजूनही "ताई, आत्ता नको!" म्हणतो, आणि तिला त्यातून "कॅप्टन, रिअ‍ॅक्टर गेला" एवढं नेमकं कळतं.

आता तक्रार. ही मी चार महिने मनात धरली होती. खेळातलं कूलंट उष्णता घेऊन जातं, पण ती जाते कुठे? अवकाशात हवा नाही, पाणी नाही. उष्णता बाहेर टाकायचा रस्ता एकच, प्रारण, म्हणजे ती किरणांच्या रूपात सोडणं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर अमोनिया फिरवून उष्णता बाहेरच्या मोठमोठ्या रेडिएटर पंखांपर्यंत नेतात, आणि एवढा पसारा मांडून ती व्यवस्था सुमारे ७० किलोवॅट बाहेर टाकते. आमच्या युद्धनौकेला लेझर आहेत, ढाली आहेत, अणुभट्टी आहे, आणि रेडिएटर एकही नाही. २७ अंश सेल्सिअस तापमानाचा आदर्श पृष्ठभाग एका चौरस मीटरमागे साधारण ४६० वॅट प्रारणाने बाहेर टाकतो. म्हणजे नुसत्या १ मेगावॅटसाठी एका बाजूने २,२०० चौरस मीटर पृष्ठभाग हवा. निरपेक्ष (केल्विनमधलं) तापमान दुप्पट केलं तर प्रारण सोळापट होतं आणि क्षेत्रफळ १३६ चौरस मीटरवर येतं, म्हणून खऱ्या युद्धनौकेचे रेडिएटर शेकडो अंशांपर्यंत तापलेले असावे लागतील. पंख बाहेर काढले की ते शत्रूच्या गोळ्यांसमोर उघडे, आत घेतले की आतली माणसं शिजायला लागणार. अवकाशातल्या लढाईचं सगळं नाट्य यात आहे, आणि खेळ त्याच्या दारापर्यंत येऊन परत फिरतो. कूलंट कधी संपत नाही. थोडी कळ काढली की सगळं आपोआप थंड.

एवढ्या एका गोष्टीसाठी मी या खेळाला कमी लेखत होतो. भावंडं वैतागली होती. त्यांचं म्हणणं, इम्पल्स इंजिनाला कमाल वेग आहे हेसुद्धा भौतिकशास्त्रात बसत नाही, त्यावर तू का बोलत नाहीस? बरोबर आहे. पण वेगाची मर्यादा नसती तर हेल्म्सला जहाज हाताळणंच अशक्य झालं असतं. ती सवलत खेळण्यासाठी आहे. उष्णतेची सवलत खेळ कमी करते, हा फरक मला मोठा वाटतो.

पाचव्या-सहाव्या महिन्यात धाकट्या भावाने लुआ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत खेळासाठी मोहिमा लिहायला घेतल्या आणि माझं मत दुसऱ्यांदा फिरलं. स्क्रिप्टमधून जहाजाचं एकूण कूलंट कमी-जास्त करता येतं हे त्याला सापडलं. त्याने सोपा नियम लावला: ढाली चढलेल्या असेपर्यंत कूलंट हळूहळू घटत राहणार, आणि ढाली उतरवून शांत बसलं तरच परत भरणार. ढाली उतरवणं म्हणजे आमचे रेडिएटर उघडणं. बस, एवढंच केलं.

लढाईची जातच बदलली. आधी शत्रू संपेपर्यंत लढायचो. आता दर लढाईला एक घड्याळ लागलं. सायन्सवाली बहीण शत्रू मोजण्याआधी जवळचा तेजोमेघ शोधते, कारण आत शिरलं की लांब पल्ल्याच्या रडारवर दिसत नाही आणि ढाली उतरवायला ती एकच जागा. एकदा आम्ही तेजोमेघात ढाली उतरवून बसलो होतो, कूलंट निम्म्यावर, आणि रिलेने सोडलेल्या प्रोबवर (टेहळणी यानावर) दोन घोस्ट जहाजं आमच्या दिशेने येताना दिसली. घोस्ट म्हणजे भान आलेले संगणक. ती न थकता शोधत राहतात असं आम्ही धरून चालतो. ताईने मला विचारलं, "किती वेळ हवा?" मी म्हणालो, "चाळीस सेकंद." तिने चाळीस सेकंद दिले. कोणी बोललं नाही. सहा माणसं एका खोलीत पट्टी भरताना बघत होती. कुठल्याच मोठ्या स्फोटाने मला एवढं धरून ठेवलेलं नाही.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. आयत्या मिळणाऱ्या मोहिमा दोन-तीनदा खेळल्या की पुरे होतात. गेम मास्टरच्या पडद्यावर एक माणूस बसवा, तो चालू खेळात शत्रू आणून ठेवतो आणि संदेश पाठवतो, खरी मजा तिथे आहे. रिलेची जागा कंटाळवाणी वाटते, पण शत्रूच्या यंत्रणा हॅक करणं तिच्याकडेच असतं. किरणांची आणि ढालींची वारंवारिता ४०० ते ८०० टेराहर्ट्झमध्ये जुळवायची असते. हा जवळजवळ आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाचाच पट्टा आहे, तळाशी लाल आणि वरचं टोक जांभळ्याच्या किंचित पलीकडे. हे कळल्यापासून बहीण वेपन्सला आकड्याऐवजी "हिरवा, हिरवा मार" म्हणते आणि ते पटकन समजतं. सर्व्हर आणि बाकी सगळी यंत्रं एकाच आवृत्तीवर हवीत. एकाने उत्साहात एकट्याने अपडेट केलं आणि आमची एक आख्खी संध्याकाळ गेली, चूक आमचीच होती.

आता पॅनेलबद्दल राहिलेलं. ते गेल्यावर मी नाइलाजाने कीबोर्डकडे वळलो. इंजिनिअरिंगच्या कळा स्वतः नेमता येतात: यंत्रणा निवडायला एक ओळ, वीज वर-खाली, कूलंट वर-खाली. पहिला आठवडा बोटं अडखळली. तिसऱ्या आठवड्यात मी पडद्यावरची नजर न हलवता कूलंट फिरवायला लागलो, जे बोटाने पट्टी ओढताना कधीच जमलं नव्हतं, कारण तेव्हा माझाच हात तापमानाचे आकडे झाकायचा. ज्या वस्तूसाठी मी पैसे टाकले आणि तीन खेपा घातल्या, तिची इंजिनिअरला गरजच नव्हती. हे कोणी आधी सांगितलं असतं तर ते पैसे वाचले असते, म्हणून सांगतोय: इंजिनिअरिंगसाठी टचस्क्रीन घेऊ नका. जुना कीबोर्ड घ्या, यंत्रणांच्या कळांवर रंगीत कागद चिकटवा.

भांडण मात्र सोडलेलं नाही. परवा चौथ्यांदा जाणार आहे, सोबत बिल आणि त्या मेलेल्या पट्ट्याचा व्हिडिओ. पॅनेल परत मिळालं तर सायन्सला देणार, तिला नकाशा सरकवायला उपयोगी पडेल. आणि धाकट्याला सांगितलंय की पुढच्या मोहिमेत ढाली उतरवल्यावर आम्ही शत्रूला जास्त लांबून दिसलो पाहिजे, तापलेले पंख अंधारात लपत नाहीत. तो म्हणतो मग आम्ही वाचणारच नाही. मी त्याला चाळीसऐवजी तीस सेकंदांत कूलंट भरून दाखवायचं कबूल केलंय.