मोफत कान तपासणी, खर्च 5,000 रुपये

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘मोफत कान तपासणी शिबिर’ झालं आणि आईचे नि माझे कान दाखवून मी 5,000 रुपये घालवले. लिहायची लाज वाटते, पण ही मंडळी आता दुसऱ्या कुठल्या तरी हॉलमध्ये खुर्च्या मांडत असणार.

हिशेब आधी देतो. नोंदणी 90. कानातून काढलेले ‘खडे’ 7, खड्याला 300 प्रमाणे 2,100. कानात लावायच्या मेणबत्त्यांचं पाकीट 1,450. थेंबांच्या दोन बाटल्या, 680 ची एक, म्हणजे 1,360. इतकी गोल बेरीज माझ्यासारख्या ऑडिटवाल्याला खटकायला हवी होती, असं बायको म्हणते. पण ‘आजी, बुरशी पडद्यापर्यंत गेलीय, ऐकू यायचं बंद होईल’ असं आईच्या तोंडावर कुणी सांगितल्यावर बेरीज कोण करत बसतो?

बाकी थाट ओळखीचाच. पांढरा कोट, गळ्यात कार्ड, टॅबला जोडलेला बारीक कॅमेरा. कार्डावर ‘कर्णतज्ज्ञ’ होतं, नोंदणी क्रमांक नव्हता. तो मागा. टाळाटाळ झाली की निघा.

त्या एका क्षणाची मात्र अजून चीड येते. तो माणूस कॅमेऱ्याचं टोक कापसाने पुसत होता. कॅमेरा त्याच्या हातात, आईचा कान हातभर लांब, आणि टॅबवर काळ्याकुट्ट मळाने भरलेला कान दिसत होता! मी पाहिलं. मनात म्हटलं, मागच्या माणसाचं चित्र राहिलं असेल. मग टोक कानात गेलं, तरी चित्र तेच. त्याचा हात थांबला तरी ते हलतच होतं. आधीच काढून ठेवलेला व्हिडिओ होता तो. ‘काका, बघा किती साठलंय’ म्हणाला आणि मी मान डोलावली.

खडे तर विचारू नका. आईच्या कानातून तुरीच्या दाण्याएवढे पाच, माझ्यातून दोन. कानाची नळी असते जेमतेम अडीच सेंटिमीटर. हे दाणे त्याच्या कापसाच्या बोळ्यातच होते, हे आता कळतं. रांगेतले शेजारी माना पुढे करून बघत असताना कुणाला सुचलं असतं?

मळ ओढून काढते म्हणून विकलेली ती पोकळ मेणबत्ती घरी आईच्या कानात लावून पेटवली. जळून उरलेलं थोटूक उघडलं तर आत तपकिरी भुकटी. ‘केवढा मळ निघाला’ म्हणून आई खूश. मुलीने दुसरी मेणबत्ती रिकाम्या बाटलीच्या तोंडात लावून पेटवली. बाटलीच्या कानातूनही तेवढाच मळ निघाला! असल्या मेणबत्त्या काही ओढून काढत नाहीत, हे 1996 च्या एका अभ्यासात दिसलं होतं, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010 मध्ये भाजण्याचा, पडदा फाटण्याचा इशाराही दिला होता. आईच्या कानात मेणाचा थेंब पडून कातडी भाजली, तो कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी काढला. बुरशी वगैरे काही नव्हतं. त्या म्हणाल्या, मळ हा कानाचा पहारेकरी आहे, चावताना जबडा हलतो तसा तो आपोआप बाहेर सरकतो. फारच घट्ट झाला तर ऑलिव्ह तेलाचे दोन-तीन थेंब काही दिवस घाला. कान वाहत असेल, दुखत असेल, पडद्याला भोक असेल तर तेही नाही. कापसाच्या काडीने मळ आतच ढकलला जातो. हेअरपिन, किल्ली तर बोलायलाच नको.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस चौकीत म्हणाले, ‘पैसे तुम्ही स्वतःच दिलेत ना? यूपीआयने? मग सायबरला जा.’ सायबरवाले म्हणाले, ‘माणूस समोर होता ना? मग चौकीत जा.’ पालिकेच्या आरोग्य खात्यात साहेब जेवायला गेलेले, आल्यावर म्हणाले, ‘तो स्वतःला डॉक्टर म्हणाला का? नाही? मग आमच्याकडे येत नाही.’ म्हणजे खोटा डॉक्टर गुन्हेगार, आणि डॉक्टर न म्हणवता लोकांच्या कानात चिमटा घालणारा मोकळा! ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण समोरच्याचा पत्ता द्यावा लागतो. माझ्या पावतीवर पत्त्याच्या जागी ‘सहकार्याबद्दल आभारी आहोत’ छापलंय. पैसे देण्याआधी पावती वाचा. आमचे सेक्रेटरी म्हणतात, ‘आम्ही फक्त हॉल दिला.’ फुकट नव्हता दिला, 1,500 भाडं घेतलंय. पाहुण्यांच्या गाड्यांचे नंबर वहीत लिहिणाऱ्या कमिटीला या लोकांचं साधं आधार कार्ड मागावंसं वाटलं नाही.

आणि कुणी कानात कॅमेरा घालायला आलाच, तर आधी तो स्वतःच्या तळहातावर धरायला लावा. टॅबवर तळहात दिसला नाही तर तिथूनच उठा.