मावशीचं घर: विकावं, किरायानं द्यावं की बँकेकडे ठेवावं?

दूधवाल्याला मावशीनं एकाच महिन्याचे पैसे तीनदा दिले. त्यानं दोनदा परत आणून दिले म्हणून कळलं. डिमेन्शियाचं निदान आधीच झालं होतं; आता तिला देखभाल केंद्रात ठेवायचं ठरलंय. महिन्याला 40,000, पेन्शन 22,000. तूट 18,000 ची, डायपर-औषधं वेगळी, आणि हे आठ-दहा वर्षंही चालू शकतं. जमेला एकच मोठी गोष्ट आहे, सुदामानगरचं घर.

विकलं, तर 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जातील. त्याहून जास्त तिथे घेत नाहीत. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500. आजची तूट भागते. पण व्याज आहे तिथेच राहतं आणि फी चढत जाते: दरसाल 8 टक्के वाढली तर नऊ वर्षांत दुप्पट. म्हणून विक्रीतून उरलेल्या पैशाला आत्ता हात लावायचा नाही. विक्रीवर भांडवली नफ्याचा कर बसतो, व्याजावरही कर आहे. सौद्याआधी सीएला गाठा.

किराया (इंदुरात भाडं कोण म्हणतं!) वाढवता येतो आणि घरही राहतं. दलालानं 14,000 सांगितले. भाडेकरू गेला की दोन महिने कुलूप, शिवाय मोटर, गळती, घरपट्टी. दादा पुण्याला, म्हणजे धावपळ माझी.

रिव्हर्स मॉर्गेजवर दादाचा फार जीव. घर बँकेकडे गहाण, आपल्याला हप्ता. पण त्यात मालकानं त्या घरात राहायचं असतं. वर्षभर सलग बाहेर राहिलं की बँक कर्ज परत मागू शकते. घरीच बाई ठेवून सांभाळणार असाल तर जरूर विचार करा. आम्हाला उपयोग नाही.

आयुष्मान कार्डावर सत्तरीनंतर 5 लाखांपर्यंत उपचार होतात, पण दवाखान्यात भरती झाल्यावर. केंद्राच्या फीसाठी ते धरू नका.

खरी अडचण सहीची. ‘मुखत्यारपत्र केलंय ना’ असं सगळे म्हणतात. पण 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्रही संपतं. मग हायकोर्टाकडून पालक नेमून घ्या, त्याला वेळ आणि वकील. निदान झालं म्हणून सही लगेच बाद होत नाही. त्या वेळी व्यवहार कळतो का, हे महत्त्वाचं. विक्रीला तिची समज एकदाच लागते. किरायाला दर अकरा महिन्यांनी, आणि पुढच्या वर्षीची मावशी कशी असेल?

म्हणून माझं मत विक्रीकडे. मावशीला दोन वेगळ्या दिवशी विचारलं. दोन्ही वेळा ‘विका’ म्हणाली, फक्त तुळस कुठे नेणार ते विचारलं. संध्याकाळी ती गोंधळते, सकाळी अकरापर्यंत अगदी स्वच्छ असते. रजिस्ट्रीची वेळ सकाळचीच घ्यायला दादाला सांगितलंय, आणि त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेटही.