स्प्लिटवाइज: ग्रुपमधल्या एकाच्या घरी पैशाची ओढाताण असेल तर

स्प्लिटवाइज या ग्रुपचा खर्च वाटून घेण्याच्या ॲपचं गणित चोख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. कोणी किती भरले ते टाकलं की कोण कोणाला किती देणं लागतो हे लगेच दिसतं. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या ग्रुपसाठी हे ॲप घेताना आम्ही आधी वेगळंच तपासू. ज्याच्या घरचा धंदा डबघाईला आलाय, त्याच्याबद्दल ते बाकीच्यांना काय काय दाखवतं?

बरंच काही. 'बॅलन्सेस' उघडलं की प्रत्येकाची बाकी सगळ्यांसमोर येते, येणं हिरव्या रंगात, देणं नारिंगी. बाकी फेडल्याशिवाय ग्रुप सोडताही येत नाही. म्हणजे गाजावाजा न करता बाजूला होऊ पाहणारा मुलगा तिथेच अडकतो. शिवाय हिशोब सुरू होतो पहिल्या नोंदीपासून. त्याआधी वर्षभर याच मुलानं सगळ्यांची बिलं भरली असतील, त्यावरच तो ग्रुपमध्ये सगळ्यांचा लाडका झाला असेल, पण पार्टी देणारा कधी हिशोब लिहीत नाही. ॲपमध्ये तो फक्त देणेकरी दिसतो. हा अन्याय कुठल्याही सेटिंगनं दूर होत नाही, तो मित्रांनीच लक्षात ठेवायचा.

'सिम्प्लिफाय ग्रुप डेट्स', म्हणजे ग्रुपमधली देणी सुटसुटीत करणारी सोय, मात्र सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करा. समजा समीर नेहाला 300 देणं लागतो आणि नेहा रोहनला 300. हे चालू असलं की नेहा मधून गळते आणि समीर थेट रोहनचा देणेकरी होतो. समीरनं नेहालाच पैसे भरायला सांगितले होते, कारण ती कुठे बोलणार नाही याची त्याला खात्री होती. आता त्याचं नाव रोहनच्या स्क्रीनवर आहे, आणि आठवण पाठवायचं बटणही रोहनच्या हाती. बंद केलं की मूळ देणी परत दिसतात.

वाटणी आपोआप समान होते, आणि न आलेल्याच्या नावावरही खर्च पडतो तो इथेच. नोंद करतानाच त्याच्या नावापुढची खूण काढा. टक्के किंवा हिस्से वापरून एकट्याला सवलत देऊ नका, नोंद उघडणाऱ्या प्रत्येकाला ती दिसते. त्यापेक्षा ज्यानं जे घेतलं त्याची नेमकी रक्कम टाका, आणि ती सगळ्यांच्याच बाबतीत. मग कमी खर्च करणारा उठून दिसत नाही. फुकटच्या आवृत्तीत रोजच्या नोंदींवर मर्यादा आहे. ती संपत आली की मुलं चार बिलं एकाच नोंदीत कोंबतात आणि समान वाटून मोकळी होतात. एवढी काळजी घेऊन केलेली वाटणी तिथे वाया जाते.

दोघांमधली उसनवारी ग्रुपबाहेर, थेट त्या मित्राच्या नावावर नोंदवा. ती त्या दोघांनाच दिसते. ग्रुपमधलं येणं सोडून द्यायचं असेल तर मूळ नोंद पुसू नका, त्या खर्चातल्या सगळ्यांना सूचना जाते. येणं असलेल्यानं 'सेटल अप'मध्ये जाऊन रोख मिळाल्याची नोंद करावी. बाकीच्यांना पैसे फिटलेले दिसतात. मात्र हे करण्याआधी त्या मित्राशी एकट्यात बोला. काहींना माफीपेक्षा महिनाभराची मुदत जास्त मानाची वाटते.

तिघाचौघांच्या जवळच्या ग्रुपला आम्ही हे ॲप बिनदिक्कत सुचवू. दहा-बारा जणांचा, कोण किती उडवतो यावर भाव ठरणारा ग्रुप असेल तर वरची सेटिंग्ज केल्याशिवाय नाही. आणि वाढदिवसाच्या भेटवस्तूची वर्गणी यात घालूच नका. एक बंद पाकीट फिरवा, ज्यानं त्यानं जमेल ते टाकावं, नाव न लिहिता, आणि वस्तू जमलेल्या रकमेतच बसवावी.